पगार मिळतो पदाला; आपली पदे गेली कुठे?

दिवाळी जवळ आली की मुंबई महापालिकेच्या बोनसची बातमी येते. कागदोपत्री त्याला सानुग्रह अनुदान म्हणतात. २०२४ च्या दिवाळीला २९ हजार रुपये जाहीर झाले, २०२५ च्या दिवाळीला ३१ हजार. बातमीत खाली आणखी दोन ओळी असतात. आरोग्य स्वयंसेविकांना भाऊबीज भेट १४ हजार, बालवाडीच्या शिक्षिका आणि मदतनीसांना ५ हजार. घरोघरी फिरून पोलिओचा डोस पाजणारी आणि तापाचे रुग्ण शोधणारी बाई ‘स्वयंसेविका’ ठरली, म्हणून तिला बोनस नाही, भेट आहे. आणि त्याच सकाळी कंत्राटदाराच्या मस्टरवर सही करून रस्ता झाडायला उतरलेल्या बाईचे नाव त्या बातमीत कुठेच नसते. तिला भेटही नाही.

आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ही बातमी फिरते, अभिनंदनाचे फोटो पडतात. आनंद खोटा नाही. महापालिकेची नोकरी हा मुंबईतल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांचा पहिला पक्का पगार होता. त्या पगारावर मुले शिकली, गावाकडे घर बांधले गेले, विहाराची वर्गणी निघाली. पण ३१ हजार मिळाले कोणाला, आणि कोणाला नाही, हा हिशेब आपण करत नाही. आता आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झाली आहे आणि पुन्हा तीच चूक होण्याची चिन्हे आहेत, म्हणून हा लेख.

आयोगाचे आधी थोडक्यात. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली आणि ऑक्टोबरमध्ये कार्यकक्षा ठरवली. न्या. रंजना देसाई अध्यक्षा आहेत, अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. आयोग केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी असतो. नंतर राज्य सरकार आपले कोष्टक बनवते आणि त्यानंतर महापालिका कामगार संघटनांशी बोलून आपले. सातव्या आयोगाचे पैसे मोजायला लागले २०१६ पासून, पण राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या हातात वाढीव पगार पडला २०१९ मध्ये. तेव्हा आज चाळिशीत असलेल्या कायम कामगाराला आठव्या आयोगाचा लाभ मिळेल, पण उशिराने आणि थकबाकीच्या वादासह. तो वाद संघटना लढतील, त्यांना त्याची सवय आहे.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. वेतन आयोग पगार ठरवतो तो पदाचा. मंजूर पद असेल, त्यावर नेमलेला माणूस असेल, तर त्याला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, घरभाडे, रजा, निवृत्तीची रक्कम. काम तेच, रस्ता तोच, झाडू तोच, पण पद नसेल तर यातले काहीच नाही. आयोग कितीही उदार निघाला तरी त्याची शिफारस त्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

साधा हिशेब मांडू. सातव्या आयोगाचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये. जुलै २०२५ पासूनच्या केंद्राच्या दराने ५८ टक्के महागाई भत्ता म्हणजे १०,४४० रुपये. मोठ्या शहराचे ३० टक्के घरभाडे म्हणजे ५,४०० रुपये. बेरीज ३३,८४० रुपये, आणि ही अगदी पहिल्या पायरीची, कालच लागलेल्या माणसाची. दरवर्षी त्यात वाढ आहे. कंत्राटी कामगाराला काय मिळते? किमान वेतन आणि वर्षातून दोनदा बदलणारा विशेष भत्ता. तो २० वर्षे झाडतो आणि २१ व्या वर्षी नव्याने आलेल्या पोराएवढाच पगार घेतो, कारण कंत्राट बदलले की तोही नवाच ठरतो. पगारी रजा, आजारपणाची रजा, वैद्यकीय खर्च या गोष्टी तो ऐकून असतो. पीएफ कापला जातो, पण भरला गेला का हे कळायला त्याच्याकडे खाते क्रमांकच नसतो.

आपल्या वस्तीत असे घर शोधावे लागत नाही. मोठा भाऊ वडिलांच्या जागी लागला, कायम झाला. धाकटा बारावी करून कंत्राटी गाडीवर गेला. दोघेही एकाच वॉर्डात, कधी कधी एकाच चौकीवर. थोरल्याला बँक कर्ज देते, धाकट्याला पोरगी द्यायला लोक विचार करतात. एका आईची दोन लेकरे आणि महापालिकेच्या दृष्टीने एकच कर्मचारी.

हे घडले कसे, ते समजून घेतले पाहिजे, कारण यात कोणाचा निव्वळ निष्काळजीपणा नाही. राज्यातल्या महापालिकांवर आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. कायम कर्मचाऱ्याचा पगार आस्थापना खर्चात धरला जातो. कंत्राटदाराला दिलेले पैसे त्या रकान्यात जात नाहीत. ते जातात कामाच्या, सेवेच्या खर्चात. म्हणजे त्याच रस्त्यासाठी त्याच माणसाला दिलेला रुपया एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवला की आयुक्तांचा ताळेबंद देखणा होतो. त्या रुपयातून कंत्राटदाराचा नफा वजा होतो, हे ताळेबंदात दिसत नाही. माणसे कमी झालेली नसतात, कचरा तर वाढलेलाच असतो, फक्त कामगाराची गणना ‘माणूस’ म्हणून न होता ‘सेवा’ म्हणून होते. आणि हे परवडत नाही म्हणून चालले आहे असे म्हणावे, तर मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता.

यातली चतुराई जुनी आहे. जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात, म्हणजे १९७० च्या, २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदारालाच कायदा लागू होता. मग मुंबईत कचरा उचलण्याची कामे अशा तुकड्यांत वाटली गेली की एका ‘संस्थे’कडे २० पेक्षा कमी माणसे यावीत. काही महिन्यांनी कंत्राट संपवायचे, नव्या नावाने पुन्हा द्यायचे. माणसे तीच, गाडी तीच. पुढे महाराष्ट्राने ही मर्यादा २० वरून ५० वर नेली, त्यामुळे तुकडे करण्याची मेहनतही कमी झाली. झोपडपट्ट्यांमध्ये तर याच्याही पुढची पायरी आहे. दत्तक वस्ती योजना आणि नंतरचे स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान. इथे गटारे आणि गल्ल्या साफ करणारा माणूस कामगारही नाही, तो ‘स्वयंसेवक’ आहे आणि त्याला मिळते ते ‘मानधन’. आपल्याच वस्तीतली मंडळे आणि संस्था ही कामे घेतात. त्या कामांवर आपलीच माणसे राबतात आणि मंडळाच्या फलकावर बाबासाहेबांचा फोटो असतो. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिले नाही तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

या कामगारांत बौद्ध किती, मातंग किती, मेहतर-वाल्मीकी किती, याची आकडेवारी आम्ही मांडत नाही. ज्याला शंका असेल त्याने सकाळी सहाला कोणत्याही चौकीवर जाऊन उभे राहावे आणि नावे ऐकावीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसे मुंबईला आली, त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज घंटागाडीवर आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे काम केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आकडेवारीची गरज पडणार नाही.

आता लढाईचे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने १९९७ पासून मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने कंत्राटी सफाई कामगारांना संघटित केले. त्यांच्या २,७०० कामगारांचा दावा औद्योगिक न्यायाधिकरणात गेला. ही कंत्राटे नावापुरती आहेत, खरा मालक महापालिकाच आहे, असे म्हणत न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, २०१६ च्या डिसेंबरात हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, ७ एप्रिल २०१७ ला तिथेही हरली. मोठा विजय होता. पण पुढे काय झाले ते प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. निकाल लागूनही कित्येक कामगार अडकून पडले, कारण निकालातल्या यादीतले नाव आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नव्हते. कंत्राटदाराच्या मुकादमाने वर्षानुवर्षे ज्याला ‘दादू’ लिहिले तो कागदावर दादाराव. आडनावाच्या जागी गावाचे नाव. मराठीतून इंग्रजीत जाताना एक अक्षर बदलले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकलेला माणूस एका वेलांटीपाशी हरतो, हे आपण पाहिले आहे. वाट पाहता पाहता काहींचे निधनही झाले.

तरीही रस्ता बंद नाही. आणखी ५८० कामगारांच्या बाबतीत उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे २०१७ चा निकाल अपघात नव्हता.

कायद्याची बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या मुलांना यात ‘उमादेवी’ हे एकच नाव सांगून गप्प बसवले जाते. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितले की नियमित भरतीची प्रक्रिया डावलून, मागच्या दाराने घेतलेल्यांना कायम करण्याचा हक्क नाही. यामागचा विचार आपल्याला परका नाही. मागच्या दाराने भरती झाली की आरक्षणाची बिंदुनामावली बुडते, साहेबांचे भाचे-पुतणे आत येतात, याचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे? पण गटारात उतरण्यासाठी मागच्या दाराने घुसायला कोणाचा भाचा रांगेत उभा नव्हता. भरतीची जाहिरात न काढण्याचा गुन्हा महापालिकेचा, आणि जाहिरातीविना लागला म्हणून शिक्षा कामगाराला, असा उमादेवीचा उलटा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला.

त्याला पहिला मोठा छेद देणारा निकाल आपल्याच चळवळीतून आलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? एसटी महामंडळाच्या गाड्या धुणाऱ्या-झाडणाऱ्या तात्पुरत्या कामगारांसाठी कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना न्यायालयात गेली होती. २८ ऑगस्ट २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमादेवी निकालामुळे महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार संपत नाहीत. कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून एखाद्याला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे आणि ती करणाऱ्या मालकाला न्यायालय आदेश देऊ शकते. अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात आणि जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने उमादेवीचा ढालीसारखा वापर करणाऱ्या सरकारी मालकांना फटकारले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कामगारांनाही लागू आहे, हे २०१६ च्या जगजितसिंग निकालात आधीच सांगून झाले आहे.

मात्र कास्ट्राईब निकालात एक अट आहे आणि सगळी मेख तिथे आहे. न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकते ते मंजूर पदे असतील तर. पद नसेल तर न्यायालय पद निर्माण करणार नाही. म्हणजे महापालिकेने आकृतिबंध बदलताना सफाईची पदे कमी करून टाकली, निवृत्त झालेल्याची जागा ‘निरसित’ दाखवली, तर उद्या आपण कोर्टात जिंकलो तरी बसायला खुर्ची उरणार नाही. बोनसच्या आकड्यावर भांडण चालू असते तेव्हा शेजारच्या टेबलावर हे काम शांतपणे चाललेले असते. त्याची बातमी होत नाही, मोर्चा निघत नाही, फोटोही नाही.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे. ऐकायला चांगले वाटते. पण मुख्य काम कोणते नाही, याची यादी दिली आहे आणि तिच्या पहिल्याच ओळीत झाडलोट, साफसफाई, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट आहे. देशभर या यादीचा आधार घेऊन सफाईची कंत्राटे निघतील. फक्त त्याच वाक्यात एक छोटी अट आहे: संस्था त्या कामासाठीच उभी केलेली नसेल तर. एखादी बँक झाडलोटीसाठी उभी केलेली नसते, हे मान्य. पण महापालिका? मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये मैला, कचरा आणि घाण काढून त्याची विल्हेवाट लावणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतही घनकचरा व्यवस्थापन आणि स्वच्छता हे नागरी संस्थांचे काम आहे. महापालिका याच कामासाठी नसेल तर कशासाठी आहे? हा युक्तिवाद आमच्या मते नव्या संहितेखालची सर्वांत महत्त्वाची लढाई ठरू शकतो. आपल्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य आणि कलम ६१ शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

हे दूरचे संकट नाही. २०२५ च्या पावसाळ्याआधी मुंबई महापालिकेने कचरा गोळा करण्याचे आणि वाहतुकीचे काम बहुतेक वॉर्डांत सेवा-कंत्राटाने देण्याची निविदा काढली. कायम कामगारांच्या संघटना एकत्र आल्या, संपाचा इशारा दिला, आश्वासने मिळाली, संप टळला. कोणाची नोकरी जाणार नाही, हे मुख्य आश्वासन. ते महत्त्वाचे आहेच. पण आज नोकरीत असलेल्याची नोकरी जाणार नाही म्हणजे तो निवृत्त झाल्यावर त्याची जागा राहील असे नव्हे. दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, म्हणून सांगितले.

इथे वारसा हक्काचा विषय येतो. तो आपल्या घरातलाच असल्यामुळे जरा जपून बोलतो. लाड आणि पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या निवृत्तीनंतर, मृत्यूनंतर किंवा तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यावर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. महापालिकेत लोक याला ‘पीटी केस’ म्हणतात. २४ फेब्रुवारी २०२३ ला राज्य सरकारने याबाबतचा एकत्रित शासन निर्णय काढला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याला त्याच वर्षी स्थगिती दिली. पुढे २०२४ मध्ये वाल्मीकी, मेहतर आणि नंतर अनुसूचित जाती व नवबौद्ध सफाई कामगारांपुरती ती उठली. मधल्या काळात कितीतरी घरांत चूल पेटवायची कशी हा प्रश्न होता. म्हणून वारसा हक्क टिकलाच पाहिजे, यावर आमचे दुमत नाही.

पण बापाचा झाडू लेकाच्या हाती, ही व्यवस्था हक्क म्हणून साजरी करताना घसा थोडा दाटतो. जन्माने धंदा ठरवण्याविरुद्ध आपली सगळी चळवळ उभी राहिली. आज बी.कॉम. झालेली मुलगी बापाच्या जागी रस्त्यावर उतरते, कारण तीच एक पक्की नोकरी तिच्यासाठी शिल्लक आहे. २०२४ मध्ये याच महापालिकेने कार्यकारी सहायकांच्या, म्हणजे पूर्वीच्या लिपिकांच्या, १,८४६ जागांची जाहिरात काढली तेव्हा वेतनश्रेणी होती २५,५०० ते ८१,१००. अशा जाहिराती नियमित निघाल्या असत्या, बिंदुनामावलीप्रमाणे भरल्या गेल्या असत्या, तर किती वारसांनी पीटी केसची फाइल केली असती? वारसा हक्क आपण मागतो तो आवडीने नव्हे, दुसरे दार बंद आहे म्हणून, हे विरोधकांनीही समजून घ्यावे आणि आपणही विसरू नये.

दुसरे दार बंद कसे होते याचा नमुना २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिला. ६ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने राज्य सरकारने शिपायापासून अभियंत्यापर्यंतची पदे खासगी एजन्सींमार्फत भरण्याचे ठरवले. तरुण रस्त्यावर आले, विरोधकही आले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. का आले? कारण या वेळी इंजिनियर आणि लिपिकही त्या यादीत होता. झाडूवाल्याची पदे पंचवीस वर्षे एजन्सीकडे जात होती तेव्हा महाराष्ट्राचा तरुण पेटला नव्हता. आणि एजन्सीने नेमलेल्या माणसाला आरक्षण लागू करायला एजन्सी बांधील नसते. साफसफाईत मात्र आपला शंभर टक्के कोटा कंत्राटदारही इमानाने सांभाळतो.

निवृत्तीचेही तेच. ५ मे २००८ नंतर महापालिकेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. अंशदानाची योजना आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला, तेव्हा आपल्या अनेक संघटना त्यात होत्या. बरोबर केले. पण पेन्शनच्या सभेत कंत्राटी कामगाराला बोलावले तर तो काय मागेल? त्याला आधी निवृत्ती हवी आहे. तो निवृत्त होत नाही, एक दिवस यायचा थांबतो.

थोडे आपल्या बाजूचे दोषही. कायम कामगारांत काही जण आपल्या जागी दुसऱ्याला दोन-चारशे रुपयांवर पाठवतात आणि हजेरी स्वतःची लावतात, हे चौकीवर सगळ्यांना ठाऊक आहे. मुकादम त्यातले आपले काढून घेतो. ‘परमनंट लोक काम करत नाहीत, म्हणून कंत्राट’ हे प्रशासनाचे आवडते वाक्य याच उदाहरणांवर पोसले जाते. हे आपण थांबवले नाही तर बाहेरच्यांनी थांबवण्याची गरजच उरणार नाही. संघटनांचेही पाहा. वर्गणी कायम कामगाराकडून येते, म्हणून मागण्या त्याच्याच असतात. कंत्राटी कामगार सभासद झाला तर मतांचा हिशेब बिघडतो, अशी भीती काही नेत्यांना आहे. ती नावे इथे घेत नाही, चौकीवर घेतली जातात.

बाबासाहेब मुंबई म्युनिसिपल कामगार संघाचे अध्यक्ष होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्या संघाचा सभासद कोण होता, हे कमी वेळा सांगतो. सफाई खात्यातला सगळ्यांत खालचा कामगार, ज्याच्या नोकरीला कसलीच हमी नव्हती. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले, १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. कंत्राटी कामगाराला आज जे काही कायद्याने मिळते, ते त्या किमान वेतनावर उभे आहे. तो तळ म्हणून आखला होता. महापालिकांनी त्याचेच छत केले.

मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातात होती. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, २२७ नगरसेवक आले, त्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव १५ प्रभागांचेही आहेत. आता कंत्राटांचे प्रस्ताव पुन्हा स्थायी समितीपुढे येतील आणि आपल्याला प्रश्न विचारायला माणसे आहेत. सत्काराचे हार घेऊन जाणाऱ्या मंडळांनी सोबत एक कागद न्यावा. आपल्या वॉर्डात सफाई खात्याची मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या पाच वर्षांत निवृत्त किती झाले आणि त्यांपैकी किती जागा भरल्या, कंत्राटदाराचे नाव काय, त्याच्याकडे माणसे किती. नगरसेवकाने उत्तर दिले नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात दहा रुपयांत विचारता येतात. कोर्टात उद्या मंजूर रिक्त पद दाखवायचे असेल तर हाच कागद लागणार आहे.

आणि एक काम विहारात रविवारी दुपारी होऊ शकेल असे. वस्तीतल्या कंत्राटी कामगारांना बोलवा. कोणाकडे पगाराची पावती असेल, कोणाकडे जुने ओळखपत्र, कोणाकडे बँकेच्या पासबुकात कंत्राटदाराच्या नावाने आलेली नोंद, कोणाकडे गाडीवर काढलेला फोटो. सगळ्याची प्रत काढा आणि तारखेप्रमाणे लावा. पीएफचा खाते क्रमांक मोबाइलवर शोधता येतो, तो शोधून द्या. हे झाले की आधारकार्ड, रेशनकार्ड, बँक आणि मस्टर या चार ठिकाणी नाव एकसारखे आहे का ते बघा. कॉलेजात जाणारी दोन मुले हे काम एका दुपारी वीस जणांसाठी करतील. ज्याचे नाव दादाराव आहे, त्याचे मस्टरवरही दादारावच लिहून घ्या. निकाल लागायच्या आधी.